कोक-पिंपांच्या झडपा

घरातील नळाची चकती झिजली की नळ ठिबकू लागतो. चकती बदलली की काम भागते. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात झडप निवडणे इतके सोपे नसते, आणि जेथे कोक तयार होतो त्या विभागात तर ते फारच बिकट होय. वडोदऱ्याजवळील कोयली येथे १९६५ साली सुरू झालेल्या कारखान्यात आज असा विभाग आहे. तेव्हा हा विषय आमच्या वाचकांस अगदीच परका वाटू नये.

खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल इत्यादी काढून घेतल्यावर डांबरासारखे जड तेल उरते. ते भट्टीच्या नळ्यांतून वेगाने नेऊन सुमारे ५०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. या उष्णतेने त्याचे विघटन होऊन कोक बनू लागतो. परंतु नळ्यांत तो धरण्यापूर्वीच तेल उंच पोलादी पिंपात पोहोचविले जाते. कोक बनण्याची क्रिया अशी लांबणीवर टाकली जाते, म्हणून हिला विलंबित कोकीकरण म्हणतात. हलकी तेले वाफरूपाने वरून निघून जातात व पिंपात कोकचा घट्ट ढीग साचतो. पिंपे जोडीने असतात. एक भरत असता दुसरे वाफेने व पाण्याने निववितात, उघडतात आणि पाण्याच्या जोरदार झोताने आतील कोक कापून काढतात.

तेलाचा ओघ एका पिंपातून दुसऱ्याकडे वळविणारी झडप ही या साऱ्याची किल्ली होय. तिला एक प्रवेशमार्ग व तीन निर्गममार्ग असतात: दोन पिंपांकडे जाणारे, तिसरा पिंपे टाळून जाणारा. येथे मुख्य शत्रू गळती नव्हे, तर साकळणे. तप्त तेल जेथे थबकेल तेथे कोक धरेल, मग तो कोपरा बोटभर का असेना! कोक धरलेली झडप ऐन वेळी फिरत नाही. म्हणून झडपेच्या पोटातील रिकाम्या जागांत सतत वाफ सोडतात, आणि तिचा दाब तेलाच्या दाबापेक्षा अधिक ठेवतात. साध्या गोल झडपांतील टेफ्लॉनची बैठक सुमारे २६० अंशांपलीकडे टिकत नाही. येथे धातूवर धातूच बसवावा लागतो, व त्याच्या पृष्ठभागावर कठीण लेप द्यावा लागतो. तेलातील गंधक साध्या पोलादास खातो, यास्तव क्रोमियमयुक्त पोलाद घेतात. अशी झडप महाग पडते खरी; पण स्वस्त झडप अडकून बसली की सारा विभागच थांबतो.

उघडावयाचे पिंप चालू पिंपापासून तोडताना एका झडपेवर कोणी विसंबत नाही. दोन झडपा बंद करून मधल्या जागेत वाफ भरतात. ती जागा वाफेचा दाब धरीत नसेल, तर एखादी झडप गळते आहे हे लागलीच कळते.

सर्वांत धोक्याची जागा पिंपाच्या तळाशी. पूर्वी तेथील जड झाकणाचे बोल्ट काढण्यास माणसे पिंपाखाली जात. १९९८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील अ‍ॅनाकोर्टिस येथे वादळाने वीज गेली आणि अर्धवट भरलेले पिंप नेहमीच्या रीतीने निववता आले नाही. आतील तेल थंड झाले असावे असे समजून तळ उघडला गेला. तप्त तेल बाहेर पडून पेटले व सहा कामगार मृत्युमुखी पडले. पुढे २००१ पासून तळाशी सरकत्या पाटीची झडप बसविण्याची रीत रूढ होऊ लागली. ती दूर उभे राहून उघडता येते, आणि आतून काही अनपेक्षित येऊ लागले तर पुन्हा मिटताही येते. बोल्ट काढलेल्या झाकणास हे साधत नसे.

तरीही पिंप निवले की नाही हे ती पाटी ओळखीत नाही. म्हणून तिला इतर झडपांशी अशा रीतीने जखडतात की, तेलाची वाट बंद झाल्याखेरीज, दाब उतरल्याखेरीज व पाणी निथळल्याखेरीज ती हलतच नाही. मग बटण कोणीही दाबो.