लोडर लावायचाय? मग आधी रिव्हर्स मोजा

नागपूरच्या अ‍ॅग्रोव्हिजनमध्ये ट्रॅक्टरच्या स्टॉलपुढे उभे राहिले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : एचपी किती? दुसरा प्रश्न मायलेजचा, तिसरा सबसिडीचा. पुढे लोडर बसवायचा असेल तर ‘वजन किती उचलतो’ हेही विचारले जाते. गिअरबॉक्सची चौकशी बहुतेक वेळा होतच नाही, झालीच तर ‘गिअर किती’ एवढ्यावर भागते. नांगरणी-वखरणीपुरता ट्रॅक्टर घेणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. पण नागपूर-वर्धा-भंडारा पट्ट्यात आता ट्रॅक्टरला लोडर लावून शेणखत भरणे, मुरूम ओढणे, वीटभट्टीवर माती सरकवणे, तलावातला गाळ शेतात पसरवणे ही कामे वाढली आहेत. अशा कामाला ट्रॅक्टर घेणाऱ्याने एचपीच्याही आधी, पुढचा-मागचा बदल कसा होतो हे विचारायला हवे, असे माझे म्हणणे आहे. इंजिनची ताकद कमी पडली तर बकेट थोडी कमी भरता येते. दिशाबदलाची सोय मात्र खरेदीच्या दिवशीच ठरते, ती मागाहून बसवून घेता येत नाही.

हे म्हणणे हिशेबात मांडून बघू. आपल्याकडे माती-मुरूम ब्रासने मोजतात आणि 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. लोडरची बकेट 10 घनफुटांची धरली तर एका ब्रासला 10 बकेटी लागतात. प्रत्येक बकेटीला ढिगात घुसायचे, मागे यायचे, ट्रॉलीकडे वळून पुढे जायचे, रिकामे करून पुन्हा मागे यायचे. म्हणजे एका बकेटीमागे दिशा 4 वेळा बदलली आणि एक ब्रासची ट्रॉली भरेपर्यंत 40 वेळा. दिवसाला 12 ट्रॉल्या भरल्या तर हा आकडा 480 वर जातो. आता एक एकर चौरस वावर घ्या. बाजू साधारण 209 फूट. 5 फुटी रोटाव्हेटरने ते काढायला चाळीस-बेचाळीस फेऱ्या लागतात आणि प्रत्येक धुऱ्याशी फार तर एकदा क्लच दाबला जातो. एक अख्खा एकर रोटाव्हेटर मारताना क्लचला जेवढे काम पडते, तेवढे एक ट्रॉली भरतानाच पडते, आणि तेही पाव तासात. शिवाय वावरात क्लच एकदाच सोडला की भागते. ढिगाशी आणि ट्रॉलीच्या फाळक्याशी मात्र इंचाइंचाने सरकायचे असते, म्हणून ड्रायव्हर पाय पेडलवर अर्धवट ठेवतो. या ‘हाफ क्लच’मध्येच प्लेट झिजते.

आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांचा गिअरबॉक्स या कामासाठी बेतलेलाच नव्हता. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया 1963 साली स्थापन झाली, ती महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीत. तिचा बी-275 हा मूळचा ब्रिटनमध्ये बनणारा ट्रॅक्टर, 8 पुढचे आणि 2 मागचे गिअर असलेला. पुढे ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. आज नागपुरातच हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे आणि विदर्भाच्या रस्त्यांवर 475, 575 हे आकडे ठायी ठायी दिसतात. ती जुनी 8+2 ची मांडणी अजूनही चालू आहे आणि नांगर-ट्रॉलीला ती योग्यच आहे. ओढण्याच्या कामाला पुढचे वेग भरपूर लागतात, मागे जायचे ते फक्त अवजार जोडायला किंवा ट्रॉली लावायला. लोडरच्या कामात मात्र निम्मा प्रवास उलटा असतो. दोनच रिव्हर्स असले की एक फार सावकाश आणि दुसरा फार जोरात, ढिगाच्या कामाला सोयीचा वेग नेमका मधला. शिवाय दांडा दरवेळी पुढच्या गिअरमधून न्यूट्रलमध्ये आणि तिथून रिव्हर्समध्ये न्यायचा. ट्रॅक्टर पूर्ण थांबण्याआधी तो टाकला की दात वाजतात.

यावर कंपन्यांनी काढलेला एक मार्ग म्हणजे सिंक्रो शटल. स्टिअरिंगखाली किंवा मांडीशी एक वेगळा दांडा असतो, तो पुढे केला की पुढे आणि मागे केला की मागे. जितके पुढचे तितकेच मागचे गिअर. महिंद्राने 15 ऑगस्ट 2023 ला जाहीर केलेल्या ओजा मालिकेत 12 पुढचे आणि 12 मागचे असे गिअर याच पद्धतीने येतात. सिंक्रोनायझरची पितळी कडी दोन्ही बाजूंचा वेग जुळवून घेते, त्यामुळे दात वाजत नाहीत आणि मुख्य गिअरला हात लावावा लागत नाही. काटोल-नरखेडच्या संत्राबागेत 6 बाय 6 मीटरच्या ओळींत ट्रॅक्टर फिरवणाऱ्याला ही सोय लगेच जाणवते. पण इथेच विक्रेत्याच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास राहून जाते : सिंक्रो शटलला क्लच दाबावाच लागतो. गिअरचे दात वाचतात, हाताचे श्रम वाचतात, क्लच प्लेट मात्र वाचत नाही. दिवसाचे 480 दाब 480 च राहतात.

प्लेट वाचवतो तो पॉवर शटल, ज्याला जॉन डिअर ‘पॉवर रिव्हर्सर’ म्हणते. यात पुढची आणि मागची दिशा दोन वेगळ्या क्लच पॅकवर चालते. हे पॅक तेलात बुडालेले असतात आणि हायड्रॉलिक दाबाने जोडले-सोडले जातात. बोटाने दांडा हलवायचा, पायाला काम नाही. दिशा बदलताना ट्रॅक्टर थांबवण्याची जी उष्णता तयार होते ती तेलात जाते आणि तेल कूलरमध्ये थंड होते. कोरड्या प्लेटला ही सोय नाही, तिची उष्णता तिच्यापाशीच राहते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर असताना, दुपारी मुरमाच्या खाणीत, हा फरक तासाभरातच वासावरून कळतो.

पुरावा हवा असेल तर तो गल्लोगल्ली उभा आहे. भारतात 1979 पासून असलेली जेसीबी हे खास भरण्या-उकरण्याचेच यंत्र. तिच्या बॅकहो लोडरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ट्रॅक्टरासारखी कोरडी क्लच प्लेट नाही. तिथे टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि पुढे-मागे करायला हायड्रॉलिक क्लच. म्हणून तिचा ऑपरेटर डाव्या हाताने दांडा ढकलत दिवसभर पुढे-मागे करतो आणि क्लचची कुरकूर कानावर येत नाही. ज्यांनी हे काम डोळ्यांपुढे ठेवून यंत्र रेखाटले त्यांनी कोरडा क्लच टाळला, यातच काय ते आले. आपण ट्रॅक्टरला लोडर लावतो तेव्हा जेसीबीचे काम त्याच्याकडून मागतो, पण नांगराचा क्लच देऊन.

मग सगळ्यात सोपा तो हायड्रोस्टॅटिक का घेऊ नये? त्यात पंप तेल ढकलतो, त्या तेलावर मोटर फिरते, एका पेडलने पुढे आणि दुसऱ्याने मागे, वेग पायाच्या दाबावर. लोडरला याहून सोयीचे काही नाही. गंमत अशी की शेतीच्या ट्रॅक्टरमध्ये हे तंत्र 1967 साली आणले ते त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरने, 656 हायड्रो या मॉडेलमध्ये. आज महिंद्राही अमेरिकेत छोटे हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर विकते. पण तिकडे असा ट्रॅक्टर घराभोवतीच्या गवताला आणि लोडरला असतो. आपल्याकडे एकाच ट्रॅक्टरने सकाळी काळ्या भारी जमिनीत पलटी नांगर ओढायचा आणि संध्याकाळी भरलेली ट्रॉली जिनिंगला न्यायची. तेलातून ताकद पोहोचवताना गिअरपेक्षा जास्त ताकद वाया जाते, ती उष्णता होऊन तेलातच राहते, आणि सतत ओढकामात हा तोटा डिझेलच्या बिलावर उमटतो. विदर्भातल्या एकट्या ट्रॅक्टरच्या घराला हायड्रोस्टॅटिक परवडणारा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉवर शटलवरचे आक्षेप मात्र खरे आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला किमतीचा. आपल्याकडे ही सोय मुख्यतः 50 एचपीच्या वरच्या, महागड्या ट्रॅक्टरांत मिळते, आणि त्या गटाला 1 जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 चे प्रदूषण निकषही लागू झाले आहेत. वेळ वाचतो म्हणून ही किंमत भरून निघेल असे कोणी सांगितले तर हिशेब मागा. प्रत्येक बदलाला 3 सेकंद वाचले तरी 480 बदलांना 24 मिनिटेच होतात. किंमत वसूल होते ती क्लचवर. कोरडी प्लेट बदलायची म्हणजे ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो : इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे. लोडरची चौकट बहुधा दोन्हींना धरून बसवलेली असते, म्हणून आधी ती उतरवायची, नळ्या सोडायच्या, मग घोड्यावर इंजिन टेकवून बोल्ट काढायचे. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मजुरी, आणि ऐन हंगामात उभा राहिलेला ट्रॅक्टर. रोज भाड्याने लोडर चालवणाऱ्याला हा खर्च पुन्हा पुन्हा येतो.

दुसरा आक्षेप मिस्त्रीचा. कोरडी प्लेट तालुक्याच्या ठिकाणी कोणीही बदलून देतो, ओल्या क्लच पॅकला कंपनीचे सर्व्हिस सेंटर लागते. अशा ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि ओले ब्रेक यांचे तेल बहुधा एकच असते. त्यात भलतेच तेल ओतले किंवा फिल्टर लांबवला की प्लेटा घसरू लागतात. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सर्व्हिस सेंटर दूर असेल आणि तेलाच्या तारखा पाळण्याची सवय नसेल, तर पॉवर शटल घेऊ नये. ‘चांगला ड्रायव्हर असला की क्लच टिकतो’ हे म्हणणेही खोटे नाही. पण तो ड्रायव्हर पुढच्या वर्षीही आपल्याकडेच असेल याची खात्री कोण देणार? राहिला प्रश्न भाड्याच्या जेसीबीचा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेसारखी शे-दोनशे ट्रॉल्यांची कामे पोकलेन-जेसीबीचीच आहेत, तिथे ट्रॅक्टर-लोडरने हट्ट धरू नये. पण वीसेक ट्रॉल्या शेणखत पावसाआधी वावरात टाकायचे, आणि नेमकी तेव्हाच सगळी यंत्रे तलावांच्या पोटात उतरलेली, ही अडचण दरवर्षीची आहे.

म्हणून घरच्या शेतासाठी, वर्षातले पंधरा-वीस दिवस लोडर चालवणाऱ्याने साधा कॉन्स्टंट मेश गिअरबॉक्स आणि ड्युअल क्लच घ्यावा, आणि पैसे मागच्या वजनावर व पुढच्या मजबूत अ‍ॅक्सलवर घालावेत. गोठा आणि बाग दोन्ही असलेल्याने, म्हणजे जिथे रोज थोडे थोडे लोडरचे काम निघते तिथे, सिंक्रो शटलचा विचार करावा. भाड्याने लोडर चालवणारे, वीटभट्टीवाले आणि अवजारे बँक चालवणारे शेतकरी गट यांनी सर्व्हिसची खात्री करून पॉवर शटलच घ्यावा. कोणताही घेतला तरी लोडरचा पंप कशावर चालतो ते आधी बघा. काही जुन्या सिंगल क्लच ट्रॅक्टरांत पेडल पूर्ण दाबले की हायड्रॉलिक पंपही थांबतो आणि बकेट अर्ध्यातच अडकते. सही करण्याआधी विक्रेत्याला एक पूर्ण ट्रॉली भरून दाखवायला सांगा, दांडा स्वतः हातात घ्या, आणि ‘शटल आहे’ असे तो म्हणाला की क्लच न दाबता दिशा बदलून दाखव म्हणा.