यीस्टचे दुसरे रायबोझोम

‘तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र’ हे वाक्य आपण वर्गात इतक्यांदा म्हणतो की, हे केंद्र कायम एकाच जोमाने चालते असे मुलांना वाटू लागते. कनेरगाव नाक्याच्या हॉटेलात मिसळीबरोबर येणारा पाव ज्या यीस्टने फुगवलेला असतो, ते यीस्ट मात्र वेगळेच सांगते.

भरपूर ग्लुकोज मिळाले की यीस्ट हवा असूनही मुख्यतः किण्वनावरच भागवते. पिठात कार्बन डायऑक्साइड आणि मळीत अल्कोहोल तयार होते ते यामुळेच. साखर संपली की तेच यीस्ट आपण बनवलेले अल्कोहोल ‘जाळू’ लागते. आता श्वसन हवे, म्हणजे तंतुकणिका हव्यात.

तंतुकणिकेत स्वतःचा डीएनए असतो, हे आपल्याला माहीत आहे. यीस्टमध्ये तो सुमारे 85 हजार जोड्यांचा आहे. त्यातून मुख्यतः आठच प्रथिने तयार होतात, आणि तेवढ्यासाठी तंतुकणिकेत वेगळी रायबोझोम असतात! त्यांची जवळजवळ सगळी प्रथिने केंद्रकातील जनुकांवरून येतात. पण त्यांचा गाभा असलेले दोन आरएनए, 21एस आणि 15एस, तिथल्याच डीएनएवरून लिहिले जातात. गंमत म्हणजे ही दोन जनुके एकमेकांपासून बरीच दूर आहेत. प्रत्येकाआधी नऊ अक्षरांची एक खूण असते. ती ओळखून आरपीओ41 हे विकर लिहायला सुरुवात करते. हे विकरही केंद्रकाच्या जनुकाचेच.

ग्लुकोज असताना हे आरएनए कमी असतात, ते संपल्यावर वाढतात. तंतुकणिकेला हा बदल कळतो कसा? कोलोराडो विद्यापीठातील अ‍ॅमिअट व जेनिंग यांनी 2006 मध्ये एक सुरेख उत्तर मांडले. आरएनए लिहायला एटीपी लागतो. तो ऊर्जेचे चलन आहे तसा आरएनएतल्या ‘ए’ या अक्षराचा कच्चा मालही आहे. श्वसन सुरू होऊन तंतुकणिकेतला एटीपी वाढला की लिखाणही वाढते. म्हणजे लिहिणारे विकरच एटीपीचे प्रमाण जोखते. अर्थात, सगळ्या जनुकांच्या खुणा सारख्याच संवेदनशील नाहीत.

शिवाय टाकीतले पाणी नळावर जितके अवलंबून, तितकेच गळतीवरही. तंतुकणिकेत नको असलेला आरएनए मोडणारी सुव्ह3 व डीएसएस1 या प्रथिनांची जोडी असते. त्यामुळे केवळ आरएनएचे प्रमाण मोजून ‘लिखाण वाढले’ असे म्हणता येत नाही.

हे सारे यीस्टमध्येच शोधणे सोपे का गेले? पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी यांनी 1949 मध्ये अ‍ॅक्रिफ्लेविन या रंगद्रव्याने यीस्टच्या अगदी लहान वसाहती मिळवल्या. त्यांना ‘पतीत’, म्हणजे फ्रेंचमध्ये लहान, असे नाव पडले. अशा पेशींतला तंतुकणिकांचा डीएनए बिघडलेला किंवा साफ गेलेला असतो. तरी ग्लुकोजवर त्या किण्वन करून जगतात. ग्लिसरॉलवर मात्र वाढतच नाहीत. माणसाच्या पेशीवर असा प्रयोग इतक्या सहज करता येत नाही.