दुहेरी व्हीलॅन टॅग
दुहेरी व्हीलॅन टॅग : ईथरनेट पद्धतीच्या संगणक जाळ्यातून जाणाऱ्या एकाच फ्रेममध्ये एकापुढे एक असे दोन ओळखदर्शक टॅग घालण्याची पद्धत. हिला ‘क्यू-इन-क्यू’ असेही म्हणतात. अनेक ग्राहकांची माहिती सेवादात्याच्या सामाईक जाळ्यावरून परस्परांत न मिसळता नेणे, हा तिचा उद्देश होय.

एकाच स्विचला जोडलेल्या संगणकांचे गट पाडून प्रत्येक गट स्वतंत्र जाळ्यासारखा वापरता येतो. अशा गटास आभासी स्थानिक जाळे किंवा व्हीलॅन म्हणतात. फ्रेम कोणत्या गटाची आहे, हे तिच्यातील ४ बाइटांच्या टॅगवरून कळते. त्याची रचना आयईईई या संस्थेच्या ८०२.१क्यू या मानकात (१९९८) ठरविली आहे. टॅगमध्ये गटाच्या क्रमांकासाठी १२ बिट असतात. त्यांतून ४,०९६ मूल्ये मिळतात. पैकी पहिले व शेवटचे मूल्य राखीव असल्याने ४,०९४ क्रमांक वापरता येतात. एखाद्या कार्यालयास ते पुरेसे असले, तरी शहरभर सेवा देणाऱ्यास अपुरे पडतात. शिवाय दोन ग्राहकांनी आपापल्या कामासाठी एकच क्रमांक निवडलेला असू शकतो.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिकेत विलीन झाल्या. त्यापूर्वी नुसते ‘प्रभाग ५’ म्हणून भागण्यासारखे नव्हते. आधी नगरपरिषदेचे नाव सांगणे आवश्यक होते. दुहेरी टॅगचे तत्त्व हेच आहे. समजा, एका पतपेढीच्या वसई व विरार येथील शाखांत व्हीलॅन १० आहे आणि एका रुग्णालयाच्या त्याच दोन गावांतील विभागांतही व्हीलॅन १० आहे. सेवादाता वसईस पतपेढीच्या फ्रेमवर २०० क्रमांकाचा व रुग्णालयाच्या फ्रेमवर ३०० क्रमांकाचा बाहेरचा टॅग चढवितो. वाटेतील स्विच केवळ बाहेरचा टॅग पाहतात. विरारला तो उतरविला जातो आणि मूळ फ्रेम आतील टॅगसह ग्राहकास मिळते. अशा रीतीने १,६७,६०,८३६ जोड्या शक्य होतात.

ही पद्धत ८०२.१एडी या मानकाने (२००५) प्रमाणित झाली. तीत बाहेरच्या टॅगचा प्रकारदर्शक अंक षोडशमान पद्धतीत ८८ए८, तर आतील टॅगचा ८१०० असतो.

दोन टॅगांमुळे फ्रेमची कमाल लांबी १,५१८ बाइटांवरून १,५२६ होते. वाटेतील एखादा स्विच एवढी लांबी स्वीकारीत नसल्यास लहान संदेश पोहोचतात, पण पूर्ण लांबीच्या फ्रेम गळतात. त्यामुळे दोष चटकन सापडत नाही. तसेच ग्राहकांच्या यंत्रांचे पत्ते सेवादात्याच्या स्विचना लक्षात ठेवावे लागतात. या अडचणीवर उपाय म्हणून ग्राहकाची संपूर्ण फ्रेम दुसऱ्या फ्रेममध्ये घालणारे ८०२.१एएच हे मानक २००८ मध्ये आले.

टॅग माहिती वेगळी ठेवतो, गुप्त ठेवीत नाही. ग्राहकाने स्वतःच दोन टॅगांची फ्रेम पाठविली आणि तिचा बाहेरचा क्रमांक स्विचांमधील दुव्यावर टॅगविना जाणाऱ्या गटाचाच असला, तर पहिला स्विच तो टॅग काढून टाकतो व पुढचा स्विच आतील क्रमांकानुसार फ्रेम परक्या गटात सोडतो. म्हणून तो क्रमांक कोणत्याही ग्राहकास देत नाहीत, किंवा दुव्यावर सर्वच फ्रेमना टॅग सक्तीचा करतात. रुग्णांच्या नोंदी वा खात्यांचे हिशेब यांसारख्या माहितीसाठी मात्र सांकेतिकीकरणाची स्वतंत्र योजना करणे आवश्यक ठरते.