सुटे भाग आणि अख्खी रायफल
लोखंड आणि कायदा : लेखांक ६

एक स्प्रिंग आणि एक दांडी. मुंबईच्या १९९३च्या बॉम्बस्फोट खटल्यात एका एके-५६ रायफलीचे एवढेच अवशेष पोलिसांच्या हाती लागले. ती रायफल अभिनेता संजय दत्त याच्या घरी होती. प्रकरण अंगाशी येणार हे दिसताच ती मित्रांकरवी फाउंड्रीत नष्ट करवण्यात आली. कट आणि दहशतवादाच्या आरोपांतून न्यायालयाने त्याला मुक्त केलं. बेकायदा शस्त्र बाळगल्याचा गुन्हा मात्र शाबित झाला. २००७मध्ये विशेष न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा दिली, मार्च २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली, आणि उरलेली शिक्षा भोगायला मे महिन्यात त्याची रवानगी येरवड्याला झाली. २५ फेब्रुवारी २०१६ला तो येरवडा कारागृहाच्या दरवाजातून बाहेर पडला, तेव्हा रस्त्यावर कॅमेऱ्यांची झुंबड उडाली होती.

ज्या खटल्याची एवढी चर्चा झाली, त्यातला कायद्याचा एक धागा फारसा कोणी उलगडला नाही. रायफल तुटली, वितळली, तिचे सुटे भाग झाले, म्हणजे ती रायफल उरत नाही का? आणि उलट दिशेने, सुटे भाग गोळा करून कोणी घरात रायफल जोडायला बसलं, तर ती रायफल नेमकी कोणत्या क्षणी ‘होते’?

अमेरिकेत या दुसऱ्या प्रश्नावर अख्खा छंद उभा आहे. एखाद्या देशाचं सैन्य जुन्या रायफली मोडीत काढतं, तेव्हा त्यांचा सांगाडा म्हणजे ‘रिसीव्हर’ गॅसकटरने कापला जातो आणि बाकीचे भाग संच करून विकले जातात. तिथल्या केंद्रीय कायद्याच्या लेखी रिसीव्हर हीच बंदूक. दस्ता, बोल्ट, घोडा हे नुसते भाग. त्यामुळे संच टपालाने घरपोच येतो. ज्याला शस्त्र बाळगायला मनाई नाही, अशा माणसाला स्वतःच्या वापरापुरती रायफल परवान्याशिवाय बनवता येते. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत, पण केंद्राची चौकट ही अशी.

या बाजारात आपल्या इशापूरचा मालही पोचला आहे. पश्चिम बंगालमधला इशापूरचा रायफल कारखाना १९०४पासूनचा. बेल्जियमच्या मूळ नमुन्यावरून बनलेली ७.६२ मिलिमीटरची ‘एसएलआर’ तिथे घडली, आणि ती भारतीय जवानांच्या खांद्यावर साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत होती. महाराष्ट्रातल्या गावागावांत निवृत्त फौजी आजही तिच्या वजनाच्या आणि खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या आठवणी काढतात. त्याच रायफलीचे संच अमेरिकेतल्या छंदिष्टांनी विकत घेऊन नव्या रिसीव्हरवर चढवले.

तरी अमेरिकेतही ही मोकळीक दर काही वर्षांनी आक्रसत गेली. परदेशी भाग मोठ्या संख्येने वापरून लष्करी बांधणीची अर्धस्वयंचलित रायफल जोडण्यावर १९९०पासून बंधन आहे, आणि २००५पासून अशा संचांसोबत नळ्या आयात करणं बंद झालं. पुढे अर्धवट घडवलेले सांगाडे विकण्याची पळवाट निघाली. त्यातून क्रमांक नसलेल्या, माग काढता न येणाऱ्या बंदुका गुन्ह्यांत सापडू लागल्या. २०२२मध्ये सरकारने सहज पूर्ण करता येणाऱ्या संचांनाही बंदूकच मानण्याचा नियम केला, आणि मार्च २०२५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो उचलून धरला. म्हणजे भाग आणि बंदूक यांच्यातली रेघ कुठे ओढायची, हा वाद तिथेही मिटलेला नाही.

भारतात ही रेघ फार आधी ओढली गेली. शस्त्र अधिनियम १९५९च्या दुसऱ्या कलमातच ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्रांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रं येतात. पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणं, विकणं, बदलणं, इतकंच काय, दुरुस्त करणं आणि त्याची चाचणी घेणंही गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. छंद, प्रयोग, ‘फक्त भिंतीवर टांगायला’ अशा सबबींना इथे जागा नाही.

पण कायदा आंधळा नाही, आणि त्याचं ४५वं कलम वाचलं की हे पटतं. पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा मोडकळीला आलेली, वापरण्याचा हेतू नसलेली आणि दुरुस्त करूनही वापरता न येणारी शस्त्रं बाळगण्याला तिथे सूट आहे. किरकोळ सुट्या भागांनाही सूट आहे, मात्र एका अटीवर: ते भाग स्वतःकडच्या किंवा दुसऱ्या कोणाकडच्या पूरक भागांशी जोडून वापरण्याचा इरादा नसावा. सारी मेख या अटीत आहे. जुन्या बाजारात सापडलेला एखादा गंजका स्क्रू ही एक गोष्ट. एकमेकांत बसणारे भाग जमवून आणलेला संच ही दुसरी. संच म्हणजेच पूरक भाग. त्याचा दुसरा काही अर्थच होत नाही.

यामागे नुसता गुन्हेगारीचा धाक नाही, लोखंडाचा स्वभावही आहे. रायफल जोडणं हे बाहेरून दिसतं तितकं सोपं नसतं. काडतूस नळीत बसतं, बोल्ट त्यामागे बंद होतो. बोल्टचा पुढचा पृष्ठभाग आणि काडतुसाचं बूड यांच्यातली जागा मिलिमीटरच्या अंशात मोजली जाते. ती वाजवीपेक्षा जास्त राहिली तर पितळी कवच फाटतं आणि प्रचंड दाबाचा वायू मागे उसळतो, म्हणजे नेमका नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे. म्हणून ली-एनफिल्ड ३०३च्या बोल्टवर त्याच रायफलीचा क्रमांक ठोकलेला असे. दोन रायफलींच्या बोल्टची अदलाबदल होऊ नये, यावर फौजेतल्या आर्मररचा डोळा असे. दोन संचांतले भाग एकत्र करून बसवणाऱ्याला ही जोडी कुठून मिळणार?

पोलादाचंही तसंच. साठच्या दशकात इशापूरने ३०३च्याच घडणीची रायफल ७.६२ मिलिमीटरच्या जास्त दाबाच्या काडतुसासाठी बनवायला घेतली, तेव्हा आधी पोलादाची प्रत बदलावी लागली. बाहेरून दोन्ही रायफली सख्ख्या बहिणी. आतलं धातूचं बळ वेगळं. शिवाय कारखान्यातून निघणारी प्रत्येक रायफल वाढीव दाबाच्या काडतुसाने तपासून, शिक्का मारूनच पुढे जाते. घरातल्या टेबलावर ना ती भट्टी, ना ती तपासणी.

या कायद्याचं मूळ मात्र दुखरं आहे, आणि ते येरवड्याशी जोडलेलं आहे. १८७८चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. भारतीयांना परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. तो कायदा लागू असतानाच, २२ जून १८९७च्या रात्री, चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. दामोदर, वासुदेव, बाळकृष्ण आणि त्यांचे साथी महादेव रानडे यांना १८९८-९९मध्ये येरवड्यातच फाशी झाली. नि:शस्त्र केल्याची सल पुढेही टिकली. गांधीजी २६ जानेवारी १९३१ला येरवड्यातून सुटले, आणि दोनच महिन्यांनी कराचीच्या काँग्रेस अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क आला. अहिंसेच्या चळवळीने असा हक्क मागावा, यावरून ती सल किती खोल होती ते कळतं.

डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हाच हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला: गुन्हेगारालाही मिळेल असा सरसकट हक्क देता येणार नाही. दुरुस्ती बारगळली. स्वतंत्र भारताने परवान्याची चौकट ठेवली, पण तिच्यात वंशावरून भेद ठेवला नाही. हा निर्णय बरोबर होता. उमर्टीचं उदाहरण पुण्याला चांगलंच ठाऊक आहे. चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात असलेल्या या गावातून गावठी पिस्तुलं पुण्यापर्यंत येतात. नोव्हेंबर २०२५मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्याच उद्ध्वस्त केल्या.

ज्याला शस्त्राच्या यंत्ररचनेची खरी ओढ आहे, त्याच्यासाठी याच शहरात सरळ वाट आहे. येरवड्याहून मुळा ओलांडली की खडकीचा १८६९पासूनचा दारूगोळा कारखाना. १९५८मध्ये स्थापन झालेली शस्त्रास्त्र संशोधन संस्था, म्हणजे ‘एआरडीई’, पाषाणला आहे. ‘इन्सास’ रायफल तिथलीच. महूच्या इन्फंट्री स्कूलमधले लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी याच संस्थेच्या साथीने चार महिन्यांत ‘अस्मी’ ही नऊ मिलिमीटरची मशीन पिस्तूल घडवली, आणि ती जानेवारी २०२१मध्ये जाहीर झाली. तिच्या घोड्याचे भाग त्रिमितीय छपाईतून आले. जानेवारी २०२४मध्ये ‘उग्रम’ रायफल आली, तीही पाषाणच्याच संस्थेची. यंत्राचं वेड दोन्हीकडे तेच. इथे त्याला चाचणी, नोंद आणि जबाबदारी यांची जोड आहे.

वाचकांना एक विनंती. आजोबांची ठासणीची बंदूक किंवा निवृत्त काकांची परवान्याची रायफल कोकणात, घाटावर, अगदी येरवड्याच्या जुन्या वाड्यांतही माळ्यावर पडून असते. परवानाधारक हयात नसेल किंवा परवान्याची मुदत संपली असेल, तर कलम २१नुसार ते शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसांना आपल्या नावावर परवाना मागण्याचा मार्ग त्यानंतरही खुला राहतो. सुटी नळी किंवा नुसता बोल्ट उरला असेल, तरी तो भंगारवाल्याला देऊ नये आणि घरी तेल घालून चालवूनही पाहू नये. तोही ठाण्यातच न्यावा.

(पुढील लेखांकात : शस्त्रपरवान्याचा अर्ज आणि त्यामागची चौकशी)