देहाने जपलेला इतिहास

१७३९ साली दक्षिण कॅरोलायना या तत्कालीन ब्रिटिश वसाहतीत, स्टोनो नदीच्या परिसरात, आफ्रिकी गुलामांनी ढोल वाजवीत उठाव केला. तो चिरडला गेला. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल वाजविण्यास आणि त्यांना लिहावयास शिकविण्यास मनाई केली. सत्ताधाऱ्यांना ढोल हिरावता आला. ताल मात्र हिरावता आला नाही. तळहात, मांड्या आणि पावले यांनी त्याला आश्रय दिला. अंगावर थापा मारून ताल धरण्याचा ‘जुबा’, पुढचे टॅप नृत्य, १९२६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात सुरू झालेल्या सॅव्हॉय नृत्यगृहातील लिंडी हॉप, ही सारी या व्यापक परंपरेचीच रूपे होत.

ज्या समाजाला लेखणीच नाकारली गेली, त्याचा इतिहास केवळ ग्रंथांतून कसा कळावा? मानववंशशास्त्राच्या अभ्यासक कॅथरीन डनहॅम यांनी १९३५-३६ मध्ये कॅरिबियन बेटांवरील, विशेषतः हैतीतील, नृत्यांचा अभ्यास करून ती रंगमंचावर आणली. १९६७ मध्ये ईस्ट सेंट लुईस या दारिद्र्यग्रस्त शहरातील मुलांसाठी त्यांनी कलाप्रशिक्षण केंद्र काढले. १९९४ साली स्थापन झालेली ‘स्टेप आफ्रिका’ ही संस्था विद्यार्थ्यांपुढे प्रयोग करताना त्यांनाही ताल धरावयास लावते.

प्रश्न उरतो तो खर्चाचा. बॉमोल व बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये त्याची मीमांसा केली. यंत्रामुळे गिरणीत दर कामगारामागे उत्पादन वाढते. नृत्याला मात्र पूर्वी लागत तेवढेच नर्तक आणि तेवढाच वेळ आजही लागतो. त्यांचे वेतन मात्र इतर क्षेत्रांबरोबर वाढवावेच लागते. तिकीटविक्रीतून ही तूट भरून काढू म्हटले, तर गरीब वस्तीतील शाळेला प्रयोग परवडत नाही. १९६५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कलानिधीचे समर्थन या विचाराने करता येते. त्याच निधीची अनेक मंजूर अनुदाने २०२५ मध्ये अचानक रद्द करण्यात आली.

मग चित्रफीत दाखवून भागवावे, असे काटकसरीचे पुरस्कर्ते म्हणतील. चित्रफितीचे मोल कमी नाही. दूरच्या शाळेपर्यंत तीच आधी पोहोचते. परंतु ताल एका देहातून दुसऱ्या देहात उतरतो, तो शिकविणारा समोर असताना. आपल्याच मांडीवर थाप मारणाऱ्या मुलाला कळते की, बंदीवर मात कशी झाली. कायद्याने जे एकदा हिरावून घेतले, ते पुढच्या पिढीच्या हाती सोपविण्याच्या खर्चाला उधळपट्टी म्हणता येणार नाही. ते समाजाचे थकलेले देणे आहे.