नर्मदेची वीज आणि बिलगाव

नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या बुडिताने नंदुरबारच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील 33 गावांना झळ पोहोचली. मणिबेली त्यांतले पहिले. प्रकल्पाची वीजनिर्मिती क्षमता 1450 मेगावॅट. त्यात महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. वीज मिळाली ती राज्याला. नदीकाठची गाळपेर आणि पायवाटा गमावल्या आदिवासींनी. पाण्याने तुटलेल्या पाड्यांपर्यंत दवाखानाही तरंगताच न्यावा लागला.

अक्राणीतील बिलगावचे उदाहरण अधिक बोलके, आणि जिव्हारी लागणारेही. तिथे 2003मध्ये गावकऱ्यांच्या श्रमदानातून उदई नदीच्या धबधब्यावर 15 किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. वरचे पाणी नळातून खाली जनित्राकडे आणले आणि घरोघर दिवे लागले. 2006च्या पावसाळ्यात मोठ्या धरणाच्या फुगवट्याने तो बुडवला.