नेट बसलं? आधी झाड बघा!

मित्रांनो, होस्टेलचं नेट बसलं की आपण सगळे नेटवर्क बघणाऱ्या सरांच्या नावाने शंख करतो. पण बिघाड कुठे आहे हे स्विच स्वतःच सांगत असतात. ते ऐकायचं कसं, ते इथे सांगते. (माझी शाळा कॉन्व्हेंट, मराठी सांभाळून घ्या!)

समजा कुणी एकाच केबलची दोन्ही टोकं भिंतीवरच्या दोन सॉकेटमध्ये खोचली. झालं लूप! आयपी पॅकेटला टीटीएल असतो, त्यामुळे ते फिरून फिरून कधीतरी मरतं. इथरनेट फ्रेमला असं मरण नाही. एक ब्रॉडकास्ट फ्रेम गोल गोल फिरते, स्विच तिच्या कॉप्या काढत राहतात आणि काही सेकंदांत सगळं ठप्प. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली उपाय शोधला, तो स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. स्विच आपल्यातला एक 'रूट' निवडतात आणि जादा वाटा बंद ठेवतात. जाळ्याचं झाड होतं.

आता परवानगी घेऊन वायरशार्क लावा आणि फिल्टरमध्ये एसटीपी टाइप करा. (यात कुणाची मेल दिसत नाही, काळजी नको.) साधारण दर २ सेकंदांनी एक बीपीडीयू दिसला पाहिजे. त्यात तीन गोष्टी बघा.

पहिली, रूट कोण? ज्याचा प्रायॉरिटी आकडा सर्वांत लहान, तो रूट. सगळ्यांचा ३२७६८ असाच ठेवला असेल, तर सर्वांत लहान मॅक ॲड्रेसवाला जिंकतो. म्हणजे कोपऱ्यातला एखादा जुनाट स्विचसुद्धा राजा होऊ शकतो! रूट मध्येच बदलला, तर कुणीतरी नवा स्विच जोडलाय असं समजा.

दुसरी, टोपोलॉजी चेंजचा फ्लॅग सारखा येतोय का? तो आला की स्विच आपला पत्त्यांचा तक्ता ३०० ऐवजी १५ सेकंदांत विसरतात आणि दुसऱ्याचा ट्रॅफिकही तुमच्या पोर्टवर येऊ लागतो. नेट मग रडतखडत चालतं.

तिसरी, केबल लावल्यावर ३० सेकंद काहीच होत नाही का? जुन्या पद्धतीत पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो. तोवर पीसी कंटाळून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. पीसीच्या पोर्टवर पोर्टफास्ट लावलं की ही वाट बघणं संपतं. सोबत बीपीडीयू गार्ड हवाच, म्हणजे तिथे कुणी स्विच जोडला तर पोर्ट बंद होईल.

आणि बीपीडीयू अजिबातच नाही, पण फिल्टर काढल्यावर तीच एआरपी फ्रेम हजारो वेळा दिसतेय? मग लूप आहे, आणि त्याला अडवणारं कुणी नाही.

हे फक्त आपल्या डाउनलोडपुरतं नाही बरं का. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस हॉस्पिटलचं नेटवर्क याच स्पॅनिंग ट्रीच्या घोळामुळे कोसळलं. वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत जाळं वाढलं होतं. जवळजवळ चार दिवस डॉक्टर-नर्स कागदावर काम करत होते.

तेव्हा पुढच्या वेळी 'सर, नेट स्लो आहे' एवढंच सांगू नका. रूटचा मॅक, चेंज किती वेळा आला आणि कॅप्चरची वेळ, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. सरांची अर्धी रात्र वाचेल, आणि आपलं सबमिशनही!